पंजाबरावाला धुरी देण्याआधी वाचावे

श्री. भगवंतराव मेहुणे यांना आसेगावच्या पंजाबरावाचा रामराम. तुमची कंबर, म्हैस आणि वहिनी, तिघीही ठणठणीत असाव्यात. माझंही बरं आहे, फक्त मी मेलो असं घरात ठरलंय.

झालं असं. खोकल्यात लाल येई, ते पानाचं समजून मी थुंकत राहिलो. मंगळवारी मात्र पान न खाताच तांब्याभर रक्त पडलं. वाशीमचे डॉक्टर म्हणाले, जुन्या क्षयानं फुफ्फुसात पोकळी पाडली, तिच्या भिंतीतली शीर कुरतडली जाऊन फुगली आणि फुटली. आता धरलीय, पण बोललात किंवा खोकलात तर पुन्हा सुटेल. दुखऱ्या अंगाला कलून पडायचं, छातीवर वाळूची पिशवी, तोंड बंद. पुढे अकोल्याला सुईनं छातीत हवा भरून फुफ्फुस दाबतील. (माझं तोंड बंद म्हणून गिरजाबाई, म्हणजे तुमची बहीण, आधी थोडी खूशही झाली.)

डॉक्टरांच्या पुडीनं अशी गुंगी आली की डोळे उघडेनात, कान मात्र उघडे. शेजारच्या कमलीबाईनं रक्ताची उशी आणि छातीवरचं ओझं पाहून गळा काढला. गल्ली जमली. भगवंतराव, स्वतःसाठीचं रडणं फार विचित्र ऐकू येतं. माझे म्हणून सांगितलेले निम्मे गुण माझे नव्हतेच. माझ्या खाटेवर दुसराच कोणी पडलाय असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. ओरडावं तर शीर फुटणार, गप्प राहावं तर सरण रचणार. अखेर तोंडात तुळशीचं पाणी घालणाऱ्या कमलीबाईचा हात मी धरला. ती अजून तापात आहे.

तेव्हापासून पंजाबराव गेले आणि आत दुसरंच कोणी शिरलं, असा निकाल आहे. ताट वेगळं ठेवा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलेलं. आता ते काठीनं सरकवतात. गिरजाबाई उंबऱ्यापलीकडून म्हणते, "डॉक्टरचं राहू द्या, तुमी तेच असान तं मले एकदा हाक मारा. बोलून काहून नाही राह्यले?" मी पाटीवर लिहितो, तिला वाचता येत नाही. मास्तर सुटीवर, पटवारी उंबऱ्यावरूनच पळाला. भाजीचा व्यापारी दिलावर तेवढा आत आला, त्याच्याशी मी बोटांच्या खुणांनी वांग्याचा भाव केला. "भूत वांग्याच्या भावासाठी एवढं कायले भांडन?" म्हणाला, पण त्याची साक्ष कोणी मानत नाही. (पत्र तोच टाकतोय.) दिवा लागला की मीही माझी पावलं पाहून घेतो, उलटी तर नाहीत ना.

घरच्यांचं मत काहीही असो, तुमचाच,
पंजाबराव

ता. क. खरं काम हे. अमावास्येला भगत येऊन मला मिरचीची धुरी देणार आहे. मिरच्या आपल्याच मळ्यातल्या, मीच लावलेल्या, फार तिखट. खोकलो की संपलो. त्याआधी या आणि हे बहिणीला वाचून दाखवा.

आणखी ता. क. हे तिला एकटीलाच सांगा. विहिरीजवळच्या पेरूखाली आमचं पहिलं बाळ आहे. दर संक्रांतीला ती तिथं तीळगूळ ठेवते, आणि तेवढा वेळ मी मोट थांबवून पाठ फिरवून उभा राहतो. हे आम्हा दोघांवाचून कोणाला ठाऊक नाही. एवढं ऐकूनही तिनं हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या नाहीत, तर मलाही माझा संशय घ्यावा लागेल.