संवादशास्त्राची वकिली

२० जाने., मंगळ.
प्राचार्यांनी बोलावलं. बी.ए.ला इतिहास, तत्त्वज्ञान राहणारच. माझं संवादशास्त्र राहतंय का, ते ३ फेब्रु.च्या अभ्यासक्रम समितीच्या बैठकीत ठरणार. "मॅडम, पाच मिनिटांत पटवा. नाहीतर 'मुलाखत तंत्र' नाव द्या, लगेच पास करून घेतो." अहो, टाय कसा बांधायचा ते शिकवायला मी एवढी वर्षं घसा कोरडा केला? पण पटवू काय, ते मलाही सुचेना. घोडेगाव ते जुन्नर एसटीत एक वाक्य धड जमलं नाही.

२३ जाने.
टी.वाय.ला गृहपाठ: कुठल्याही बैठकीला जा, कोण बोलतं, कोण गप्प बसतं, बघून या. शकील म्हणे, "मॅडम, दुकानात अब्बाच बोलतात. गिऱ्हाईकपण गप्प!" वर्ग खो खो.

२७ जाने.
रेश्मा, आहुप्याकडच्या वाडीवरची. वर्गात तोंड उघडत नाही. काल ग्रामसभा बघायला गेली आणि उभी राहून बोलली! "मागं बसल्याली एकबी बाई बोलली न्हाई, मग ठराव सगळ्यांचा कसा?" सभेत गोंधळ. आज चुलत्यांचा प्राचार्यांना फोन: "पोरींना हेच शिकिवता व्हय?" प्राचार्य माझ्यावर लालबुंद.
मला लई आनंद झाला. मग भीती. घरी तिला बोलणी बसली ती माझ्यापायी. हा विषयाचा पुरावा म्हणायचा का विषयावरचा आरोप?

३१ जाने.
ठरलं. बैठकीत हेच सांगायचं. तत्त्वज्ञान वाचून विचार करता येईल, पण तो चारचौघांत मांडायचा कसा, आणि कुणाला मांडूच देत नाहीत, हे कुठल्या तासाला शिकवणार? बरं जमलंय. रेश्माला विचारलं, तुझं सांगू ना?
तिनं वही मिटली. मग, "मॅडम, तिथंबी आमचं तुमीच बोलणार व्हय?"
कप्पाळ माझं.

२ फेब्रु., सोम.
प्राचार्यांना म्हटलं, तिलाच येऊ द्या. "विद्यार्थ्यांना प्रवेश नसतो. तुम्ही आहात ना त्यांच्या वतीनं!"
तिचं सांगायचं नाही तर माझ्याजवळ नुसत्या व्याख्या. सांगावं तर पुन्हा ती गप्प, मी बोलतेय. 'मुलाखत तंत्र' लिहून मोकळं व्हावं असंही वाटलं. स्वतःचाच राग आला.
निघताना रेश्मा म्हणाली, "उद्या मी भायेर बाकड्यावर बसते. बोलावलं तर यीन."
बोलावणार कोण, ते तिनं विचारलं नाही.