कमी उजेडातली टाकी

बाबा, तुमची माशांची टाकी नव्या घरात लावून झाली की तुम्हाला लिहायचं, असं मी ठरवलं होतं. ते पत्र कौतुकाचं होणार होतं. हे ते नाही. आपली विश्रांतवाडीची बिल्डिंग पाडताहेत. तुम्ही असताना रिडेव्हलपमेंटची नुसती चर्चा व्हायची आणि ‘माशांना खायला घालायचंय’ म्हणत तुम्ही मीटिंगमधून उठून यायचात. आता सगळ्यांनी खरोखरच घरं रिकामी केली, आणि आई आणि मी दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या घरात आलो. घरमालकांनी विचारलं, ‘पाळीव प्राणी वगैरे?’ मी नाही म्हणाले. माशांना पाळीव म्हणायचं की तेच आपल्याला पाळतात, याचा निर्णय माझा अजून झालेला नाही.

इथे आल्यापासून आई जेवेना. दोन घास भात, तोही माझ्या धाकानं. तिची खोकी तशीच बांधलेली, शिवणाचं मशीन चादरीत गुंडाळून कोपऱ्यात उभं. दिवसभर ती पलंगाच्या कडेला बसून राहायची, पाहुणी आल्यासारखी, पदर सावरून. मी हडपसरच्या ऑफिसातून धक्के खात परत यायची तेव्हाही त्याच जागी. आपल्या मागच्या सोसायटीतल्या काकू घर सोडल्यावर अशाच गप्प झाल्या आणि मग राहिल्याच नाहीत, हे मला ठाऊक होतं. आईला न सांगता मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, या वयात जागा बदलली की होतं असं, त्यांच्या ओळखीचं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवा. मला भीती वाटत होती, बाबा. नवं घर बांधून होईल आणि त्यात मी एकटीच जाईन, अशी भीती. आणि ओळखीचं म्हणजे काय, तर आपल्या घरात तुमच्या टाकीशिवाय होतं काय?

टाकीतलं ते लाकूड तुम्ही आणलंत तो दिवस मला आठवतो. उन्हाळा होता, खडकवासल्याचं पाणी मागे हटलेलं, आणि तुम्ही स्कूटरवर पायांशी एक मोठं वाकडंतिकडं मूळ ठेवून घरी आलात. कंपनीतून थकून आलेला माणूस इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. ते पाण्यात बुडावं आणि त्याचा रंग सुटावा म्हणून उकळायला हवं होतं, आणि एवढं मोठं भांडं घरात एकच होतं. आईचं पुरणाच्या डाळीचं पितळी पातेलं. आई बाहेरून आली तर गॅसवर पातेलं, पातेल्यात ते मूळ, आणि पाणी कोऱ्या चहासारखं. ती दारातच उभी राहते. मला वाटतं आता ओरडणार. ती पिशवी खाली ठेवते आणि विचारते, ‘अहो, मीठ चवीपुरतं घालू का?’ तुम्ही वळूनही न बघता म्हणता, ‘नको, माशांना चालणार नाही.’ तुम्हाला टोमणा कळला नव्हता की कळूनही तुम्ही उत्तर दिलंत, हे मी आईला पुष्कळदा विचारलं. तिलाही माहीत नाही.

त्याच सुट्टीत तुम्ही मला टाकी लावायला शिकवलंत. शिकवलंत म्हणजे आधी करू दिलंत आणि मग रागावलात. मी वाळू धुऊन छान पसरली, तिच्यावर दगड रचले, डोंगरासारखे. तुम्ही आलात, पाहिलंत आणि म्हणालात, ‘काढ सगळं.’ मी रडवेली झाले. तुम्ही म्हणालात, ‘हा मासा घर सजवत नाही, घर उकरतो. तू दगड वाळूवर ठेवलास, तो खालची वाळू काढणार, दगड कलणार आणि काच जाणार. आधी दगड. तळाच्या काचेवर टेकलेला, हलवून पाहिलेला. मग वाळू.’ पट्टेरी सिक्लिड होते तुमचे, बोटाएवढे, पण मिजास अशी की टाकी त्यांनीच विकत घेतली आहे. साधी झाडं लावली की सकाळी उपटून वर तरंगत. म्हणून तुम्ही अनुबियास आणि जावा फर्न आणलंत. जाड पानांची, चिवट, मंद वाढणारी, कमी उजेडावर भागवणारी. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, ते लाकडाला बांधावं लागतं. बांधलं आईनं. नायलॉनचा दोरा तिनं बाजूला सारला आणि सुती घेतला, मुळं लाकूड धरेपर्यंत टिकतो, मग आपला आपण कुजून जातो, म्हणाली. ती साड्यांना फॉल लावायची, पिको करायची, दोऱ्याच्या बाबतीत तुम्ही तिच्यापुढे बोलत नव्हता.

आणि मग पडदा. त्या झाडांच्या पानांवर ऊन आलं की शेवाळ धरायचं, म्हणून तुम्ही आईकडूनच जाड कापडाचा पडदा शिवून घेतलात आणि पुढच्या खोलीच्या खिडकीला लावलात. तो ओढला तो ओढलाच. त्या खिडकीखाली आईचं मशीन असायचं. ते स्वयंपाकघरात गेलं, फ्रीज आणि सिलिंडरच्या मधे, पिवळ्या बल्बखाली. मला यात काही वावगं वाटलं नाही. मोठी होईपर्यंत मी समजत होते की सगळ्यांच्याच घरी पुढची खोली थिएटरसारखी असते.

तुम्ही गेल्यावर टाकी माझ्याकडे आली. कुणी दिली नाही, तशीच आली. मासे मरत गेले, त्यांची पिल्लं मोठी झाली, त्यांनीही वाळू उकरली. झाडं मात्र तीच आहेत, तुमच्या हातची, कापून कापून वाढवलेली. दर रविवारी मी बादल्या भरते, अर्धं पाणी काढते, काच खरवडते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. एवढा छंद होता तर एखादा छोटा करायचा होता, पोस्टाची तिकिटं जमवायची होती. माझी कंबर जाते, सुट्टीचा अर्धा दिवस जातो, कुठे चार दिवस जायचं म्हटलं तरी आधी माशांची सोय. लोक म्हणतात, किती मन लावून सांभाळलीस वडिलांची आठवण. मी हसते. लोकांना काय सांगायचं?

तर मी सुट्टी काढली आणि टाकी लावली. मासे बादलीत, हवेचा पंप सुरू. आधी दगड, काचेवर टेकवून, हलवून पाहून. मग वाळू. मग लाकूड, डावीकडून उजवीकडे झुकलेलं, खाली माशांना शिरायला गुहा सोडून. प्रवासात सुटलेली झाडं आईच्या डब्यातला सुती दोरा घेऊन परत बांधली. आई पलंगावरून पाहत होती. मी विचारलं, ‘असंच होतं ना गं?’ ती म्हणाली, ‘असेल.’ पाणी भरलं, मासे सोडले, ते दोन मिनिटं बावरून कोपऱ्यात राहिले आणि मग नर थेट गुहेत जाऊन वाळू बाहेर फेकू लागला. सुंदर दिसत होती टाकी, खोटं कशाला बोलू? या घराच्या पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे, दुपारी ऊन पार आतपर्यंत येतं. मी स्टुलावर चढून तुमचा पडदा लावला आणि ओढला. खोली आपल्या घरासारखी झाली. मागे वळले तर आई उठून आतल्या खोलीत गेली होती. त्या दिवशी तिनं ते दोन घासही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले, मन लागत नव्हतं. दार उघडलं तर डोळे दिपले. पडदा काढलेला, खुर्चीवर घडी घालून ठेवलेला. स्टूल खिडकीशी, आणि आई खाली जमिनीवर उन्हात पाय पसरून बसलेली. ऐंशीकडे झुकलेली बाई स्टुलावर चढली होती. मी घाबरले आणि घाबरले की मला राग येतो.

‘आई, पडली असतीस म्हणजे? आणि ऊन बघ टाकीवर. आठवड्यात शेवाळ धरेल.’

‘धरू दे.’

‘धरू दे काय? बाबांची टाकी आहे ती.’

‘मग त्यांना सांग पुसायला.’

मी पिशवी तशीच हातात धरून उभी राहिले. आई पायांवरून हात फिरवत होती, ऊन चोळून घ्यावं तसा. मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागली. ‘त्या बल्बखाली काळ्या साडीला काळा दोरा लावता लावता माझे डोळे गेले. मला वाटलं, इथे मोठी खिडकी आहे, आता तरी बसू. तू टाकीच आणून ठेवलीस खिडकीत.’

‘अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘तुझे बाबा कंपनीतून यायचे ते कुणाशी बोलायचे नाहीत. त्या टाकीपुढे बसले की तासाभरानं माणसात यायचे. तेवढ्यासाठी काढला मी अंधार.’

‘आणि ते गेल्यावर?’

‘मग तू बसायला लागलीस.’

‘मी बसत नव्हते, आई. काच पुसत होते.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘तुला आवडत नाहीत मासे?’

‘तुला आवडतात म्हणून करत होते.’

आई म्हणाली, ‘शहाणीच आहेस.’ आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि हसले, आणि हसता हसताच मला तुमचा राग आला, बाबा. तुम्ही वाईट माणूस नव्हता. तुम्ही त्या खोलीत कधी वळून पाहिलं नाहीत, इतकंच. कुणाला किती उजेड हवा, हे टाकीतल्या झाडांचं तुम्हाला नेमकं ठाऊक होतं.

मासे मत्स्यालयाच्या दुकानवाल्यानं नेले. टाकीही त्याच्याच टेम्पोतून गेली. मुळं धरलेली झाडं पाहून तो हरखला, म्हणाला, ‘आजी, असं लाकूड आता मिळत नाही हो, खरंच देताय?’ आई म्हणाली, ‘न्या. पातेलं मात्र तुमचं तुम्ही बघा.’ त्याला काही कळलं नाही. तो गेल्यावर आईनं मशीनवरची चादर काढली, मला एका बाजूनं उचलायला लावलं आणि खिडकीखाली नेऊन ठेवलं. सुई ओवायला तिला माझी मदत लागली. मग तिनं तिची खोकी उघडायला घेतली, आणि दुपारी ‘भूक लागली’ म्हणाली. ज्वारीची भाकरी आणि पिठलं, सगळं पानातलं संपवलं. मी तिच्यासमोर बसून ती जेवताना पाहत होते, तुम्ही टाकीपुढे बसायचात तशी.

हे पत्र कुठे पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्हाला टाकी गेल्याचं वाईट वाटेल म्हणून नव्हे, पुढचं तुम्ही वाचू नये म्हणून. टेम्पो वळणावरून गेला तेव्हा मला रडू येईल, असं मी धरून चालले होते. रुमालसुद्धा हाताशी ठेवला होता. रडू आलं नाही, झोप आली. तुम्ही गेल्यापासून मला अशी झोप लागली नव्हती, आणि त्या झोपेत तुम्ही कुठेच नव्हता.