पेन्सिलीचं आळं

अण्णा, आज एका आळ्याबद्दल लिहितोय. झाडाभोवती आपण आळं करतो ते पाणी मुरावं म्हणून. तुमच्या तलाठी दप्तरात मात्र सातबाऱ्यावरच्या नावाभोवती शाईचं आळं पडलं की त्या माणसाचा जमिनीवरचा हक्क संपला. एकच शब्द जगवतो आणि मारतोही, असं मी एकदा जेवताना म्हणालो होतो. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "कविता पुरे. भात निवतोय." शाळेतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत. सकाळी उत्रोलीच्या रस्त्यानं फिरायला जातो तेव्हा भातखाचरांकडे बघत एकेक म्हणतो. मोठ्यानं नाही, लोक हसतात.

तुम्ही मार्गासनीच्या पुढच्या गावांना तलाठी होतात आणि मी तहसीलमध्ये नुकता लागलेला कारकून. रविवारी स्वयंपाकघरात तुम्ही दप्तर उघडायचात, आई पलीकडे तांदूळ निवडायची, आणि मला पानांना अनुक्रमांक टाकायला बसवायचात. एका विधवा बाईच्या नावाभोवती आळं होतं. पुसट दिसलं म्हणून मी ते शाईनं गिरवायला घेतलं, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. ते पेन्सिलीचं होतं. तिचा दीर चावडीवर येऊन वहिनीनं हक्क सोडल्याचं सांगून गेला होता. "बाईला विचारलं का?" असं तुम्ही म्हणालात, तर तो म्हणतो, "बाईला काय इचारायचं, भाऊसाहेब? मी सांगतोय न्हवं." जाताना आंबेमोहराचं पोतं ओट्यावर ठेवून गेला. ते तुम्ही त्याच दिवशी कोतवालाच्या डोक्यावर परत धाडलंत आणि तिच्या माहेरी, कामथडीला, स्वतः जाऊन आलात. ती म्हणाली, "म्या न्हाई सोडला." दीर म्हणे कागद आणणार होता, तोवर तुम्ही पेन्सिल राहू दिली होती. "शाई लावायची तुला भारी घाई," एवढंच मला बोललात. पण आई तांदूळ निवडायची थांबली होती, एवढं ते बोलणं लागलं.

कागद कधीच आला नाही. तुमची बदली झाली, पुसायचं राहून गेलं. पण पान हातात घेतलं की पेन्सिल ती पेन्सिल. तुमच्या मागून आलेल्या प्रत्येक तलाठ्याला ते कळत होतं. बाईचं नाव चालू राहिलं, दिराबरोबर ती निम्मं खाचर कसत राहिली.

मग सातबारा कॉम्प्युटरवर आला. तेव्हा मी मंडल अधिकारी होतो, लोकांच्या तोंडी सर्कल. अण्णा, ही गोष्ट वाईट नव्हती. तुम्हाला आवडली असती. एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर झालं तेव्हा म्हातारे तलाठी रडकुंडीला आले होते आणि तुम्ही आठ दिवसांत शिकून त्यांना शिकवत बसला होतात. आता उताऱ्यासाठी कुणाला कोंबडी द्यावी लागत नाही, चार खेपा माराव्या लागत नाहीत, मोबाईलवर मिळतो. पण पानं स्कॅन केली तेव्हा पेन्सिल आणि शाई दोन्ही सारखीच काळी उमटली. ऑपरेटरनं आळं पाहून बाईचं नाव गाळलं. छापील उतारा आणि मूळ पान ताडून सही करायचं काम माझं. मी ताडलं. खिडकीशी नेऊन पान तिरकं धरलं, तेव्हा शिसं चकाकलं. ऑपरेटर, चार लेकरांचा बाप, हसून म्हणाला, "साहेब, सॉफ्टवेअरात पेन्सिलीला रकाना न्हाई." दुरुस्तीला तहसीलदारांचा आदेश लागणार, काम महिनाभर लांबणार, आणि त्या आठवड्यात आमचा तालुका पूर्ण म्हणून वर कळवायचा होता. मी सही केली. आळं तर आहेच, असं मनाशी म्हणालो.

मग गावात चावडीवाचन झालं. सगळे सातबारे मोठ्यानं वाचायचे आणि ज्याची हरकत असेल त्यानं सांगायचं. मी चालीत वाचायचो, लोकांना आवडायचं. ती बाई मागे बायकांत बसली होती. वाचून झाल्यावर पुढे आली. "सर्कल, घाईत ऐकू न्हाई आलं. माजं नाव आलं न्हवं?"

"आलं की, आक्का. सगळं कॉम्प्युटरात आहे."

"मंग बरं झालं. आता उंदीर तरी खायाचं न्हाईत."

लोक हसले. मीही हसलो.

दीर मेला. त्याच्या मुलांनी सगळं खाचर पुण्याच्या कुणाला विकलं आणि सहा महिन्यांपूर्वी तारेचं कुंपण पडलं. ती लेकीला घेऊन भोरला माझ्या दारात आली, हातात उतारा. मूळ दप्तर गळक्या खोलीत भिजून लगदा झालंय. पेन्सिलीला आता मी एकटाच साक्षीदार. तिच्या बाजूनं जबाब मी लिहून दिला: "आळे पेन्सिलीचे होते; सदर नाव नजरचुकीने वगळले गेले." सरकारी कागदावर हा शब्द किती सोयीचा असतो, तुम्हाला माहीत आहे. सुनावणीला नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला गेलो. समोरच्या वकिलानं एकच विचारलं. "नजरचूक झाली म्हणता. मग पेन्सिल होती हे तुम्ही कशावरून सांगता? पाहिलीत का चुकलात?"

कचेरीत चार तरुण तलाठी उभे होते. मला गुरू म्हणतात. पेन्शनला धोका नाही, इतक्या जुन्या प्रकरणाचे नियम मला पाठ आहेत. फक्त 'पाहिली' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आता नीट आठवत नाही."

अर्ज फेटाळला गेला. जिना उतरताना तिनं माझा हात धरला, मला आधार द्यायला. "तुमी ह्या वयात हितवर आलात, लई झालं." लेक मात्र माझ्याकडे बघत होती.

काल ती लेक पुन्हा आली. प्रांताकडे अपील करायचंय, आणि वकील परवडत नाही म्हणून अर्ज मीच लिहून द्यावा. "आई म्हणती, सर्कलचं अक्षर चांगलं हाय." आईला जेवण जात नाही, म्हणाली. रोज कुंपणापाशी जाऊन उभी राहते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही. फक्त एवढं सांगायचं राहिलं: अर्ज मी लिहून दिला, अण्णा. त्यात 'नजरचुकीने' हाच शब्द पुन्हा लिहिला. लिहिताना हात थांबला नाही. अक्षर छान आलंय.