आजोबांना जागेवरून उठवण्याबाबत

आदरणीय सहावे मामा,

हाताची घडी घालून आणि मान कमरेपर्यंत लववून तुमच्या धाकट्या भाच्याचा, तोआनचा, नमस्कार. मामींना वेगळा. तुमचा गुडघा कसा आहे? दालातची थंडी गुडघ्याला वाईट असं आई म्हणते, पण तिथली हवा फार छान असंही तीच म्हणते. गेल्या नववर्षाला तुमच्या घरी मी तुमच्या स्ट्रॉबेरीला 'आंबट ढेकळं' म्हणालो आणि 'पुन्हा कॉलेजचं नाव काढलंत तर या डोंगरावर पाय ठेवणार नाही' असं सांगून भरल्या ताटावरून उठलो, ते मी पूर्णपणे विसरून गेलो आहे. तुम्हीही विसरला असाल. मोठी माणसं असल्या गोष्टी धरून बसत नाहीत (आई बसते, पण ती तुमचीच बहीण).

पत्राला खास कारण काही नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता आणि मग मी तापतो. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, हा कागदाचा मोठा गुण आहे. शिवाय मंगळवारी चौथ्या आजींच्या दुकानात जे झालं ते आईने तुम्हाला सांगितलं असणार, आणि त्यातलं निम्मं खोटं असणार. मी लॅपटॉप पाण्यात टाकला नाही. मी पाण्यात पडलो. लॅपटॉप वर होता.

आता पहिल्यापासून सांगतो. कालव्याकाठचं चौथ्या आजींचं झुल्यांचं कॉफी दुकान तुम्हाला आठवत असेलच, आणि त्यांची नात लिऊही. लहानपणी झेंडूच्या टोपलीत बसून होडीतून यायची ती. आता टोपलीत मावत नाही. तिने शेतीचं शिक्षण पुरं केलं (हातात घेतलेलं पुरं करायचं ही तिला वाईट खोड आहे) आणि दालातच्या फुलरोपांच्या एका प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला. ही प्रयोगशाळा तुमच्या घरापासून सायकलने अकरा मिनिटांवर आहे. नकाशा सहज उघडा होता म्हणून पाहिलं. मुलाखत मंगळवारी दुपारी दोन वाजता, लॅपटॉपवर. मिळाली तर पगार, खोली आणि हवी तेवढी रोपं. नाही मिळाली तर आजींच्या दुकानात जन्मभर बर्फ फोडणं. (बर्फ फोडताना ती फार छान दिसते. पण ही शिफारस मुलाखतवाल्यांना कळवण्यासारखी नव्हती.)

लॅपटॉप जुना घेतलेला. शनिवारी मीच त्याला सगळं घालून-घुसवून तयार करून दिला, कारण संगणकाच्या शिक्षणात मी तिसऱ्या सत्रापर्यंत गेलेलो असल्यामुळे अख्ख्या कालव्यावर मला अर्धा इंजिनिअर समजतात. नेमकी शनिवारी वीज गेली, म्हणून वायफायला जोडून पाहायचं राहून गेलं. मंगळवारी सकाळी दहाला निरोप आला की लॅपटॉप वायफायला जोडत नाही, ये. मी कण्यांच्या भातावरून उठलो. मामा, प्रेमात माणूस अन्नावरून उठतो, ते रागाने उठण्याहून निराळं असतं.

पहिल्या तासात मी लॅपटॉप सात वेळा बंद-चालू केला. दुसऱ्या तासात वायफायच्या कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला, "आमच्याकडून सगळं ठीक आहे, दादा." म्हणजे बिघाड माझ्या डोक्यात आहे असं त्याला म्हणायचं होतं, तेव्हा त्याच्या डोक्याविषयी माझं जे मत होतं ते मी त्याला ऐकवलं. मग झुल्यात पडलेल्या एका ट्रकवाल्याला 'एका कॉफीवर सकाळपासून सगळं वायफाय तूच ओढतोयस' म्हणून उठवलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, माझा फोन तर साधा, बटणांचा." मी त्याला परत झोपवलं. लिऊच्या फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देऊन पाहिलं, पण दुकानाच्या पत्र्याखाली ते गोगलगाईसारखं चालतं. माणूस 'नमस्कार' म्हणतो आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. तिसऱ्या तासात मला वाटलं की पत्र्यापासून लांब गेलं की जमेल. म्हणून मी लॅपटॉप घेऊन रोपांच्या मचाणांमधून होडी घातली. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे कुंड्या पाण्यावर मचाण बांधून ठेवतात आणि माणूस मधून होडीने फिरतो. होडीत उभं राहायचं नसतं हेही तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी छातीभर पाण्यात गेलो आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तसाच चालत काठाला आलो. काठावर लिऊ उभी होती. माझ्या कानावर शेवंतीचं पान चिकटलं होतं, ते तिने काढलं आणि म्हणाली, "आता मी बघू का जरा?"

इथे एक गोष्ट कबूल करतो. पाण्यातून येताना पाऊण मिनिट माझ्या मनात आलं की हा लॅपटॉप असाच बिघडलेला राहिला तर लिऊ इथेच राहील. हात थोडे सैल सोडले असते तरी पुरे होतं. पण मग ती बर्फ फोडत राहील, मी समोर बसून बघत राहीन, आणि एके दिवशी ती माझ्याकडे बघेल तेव्हा तिच्या हातात बर्फ फोडायचा खिळा असेल. म्हणून हात अजून वर उचलले. (हे आईला सांगू नका. तिला वाटतं माझ्या मनात काही येतच नाही.)

लिऊने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सकाळपासून मी न वाचता बंद करत होतो तो संदेश वाचला. त्यात लिहिलं होतं की या आकड्यावर आधीच कोणीतरी बसलेलं आहे. वायफायच्या डब्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो, पंगतीत जसा प्रत्येकाला पाट. एका पाटावर दोघे आले की दुसऱ्याला जेवण नाही. एरवी पाट डबाच मांडतो, पण डब्यावर विश्वास कोण ठेवतो? या दुकानातले सगळे आकडे मी माझ्या हातांनी निवडून दिले आहेत: आजींच्या फोनला अडुसष्ट, गाण्याच्या यंत्राला एकोणचाळीस, सगळे भरभराटीचे. आणि लिऊच्या लॅपटॉपला, मुलाखत डोळ्यांसमोर ठेवून, सगळ्यांत भारी, थोरल्या धनदेवतेचा आकडा: एकोणऐंशी.

"एकोणऐंशी आणखी कोणाला दिलायस?" लिऊने विचारलं.

मी वर पाहिलं. आजींनीही वर पाहिलं. पूर्वजांच्या देवघरात, लिऊच्या आजोबांच्या फोटोसमोर, चहाच्या पेल्याशेजारी आजोबांचा फोन मिणमिणत होता. आजोबा जाऊन दीड वर्ष झालं. आजी रोज सकाळी त्यांचा चहा बदलतात आणि फोन चार्ज करतात; सगळे नातेवाईक सणासुदीला त्यावर फोटो पाठवतात, आणि तो वाजला की आजी म्हणतात, "पोचला." वर्षश्राद्धाला त्या फोनला आकडा मीच दिला होता. आजोबांना कमी कसा देणार?

आता लॅपटॉपला दुसरा आकडा देणं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. लिऊ म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर दे." आजींच्या तोंडातला विडा थांबला. अठ्ठ्याहत्तर! मामा, त्या आकड्याची मोटरसायकल आमच्याकडे कोणी फुकट घेत नाही, इतका तो बुडीत. मी म्हणालो, गाण्याचं यंत्र बंद करून एकोणचाळीस देऊ. आजी म्हणाल्या, "गाण्याच्या यंत्राचा उष्टा आकडा माझ्या नातीला?" मी म्हणालो, आजोबांचाही उष्टाच की. तर म्हणाल्या, "मेल्या, तो उष्टा नाही, तो आशीर्वाद." लिऊ म्हणाली, "आजी, अठ्ठ्याहत्तर द्या नाहीतर शून्य द्या, पण मला मुलाखत द्या." पण खरं सांगतो, या बाबतीत मीही आजींच्याच बाजूचा होतो. बुडीत आकड्यावर लिऊला बसवायला माझा हात धजेना. तेव्हा एकच मार्ग उरला. आजोबांनी तासभर उठायचं.

आणि आजोबांना उठा असं सांगता येत नाही, विचारावं लागतं. दीड वाजला होता. आजींनी ताटली काढली, दोन जुनी नाणी काढली, विड्याच्या डबीतला चुना बोटावर घेऊन दोन्हींची एकेक बाजू पांढरी केली, उदबत्ती लावली आणि आजोबांना सगळं प्रकरण नीट समजावून सांगितलं. वायफायचा भाग त्यांनी माझ्यापेक्षा चांगला सांगितला. लिऊ कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन गप्प बसून राहिली. मी देवघरासमोर ओल्या कपड्यांत हाताची घडी घालून उभा, आणि माझ्याभोवती एक तळं.

पहिल्या फेकीला दोन्ही नाणी पांढरी. म्हणजे आजोबा हसताहेत. "हसताय काय?" आजी म्हणाल्या. "पोरीची वेळ चाललीय!" दुसऱ्या फेकीला दोन्ही काळी. म्हणजे साफ नकार. मग मात्र आजी तापल्या, आणि मामा, मी स्वतःला तापट समजत होतो, पण मी काहीच नाही. "आयुष्यभर दारातली खुर्ची सोडली नाहीत! गिऱ्हाईक उभं आणि तुम्ही बसलेले! माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या जागेवर बसलात आणि उठायला तयार नव्हता! आता तिकडे जाऊनही तेच का? तासभर उठा म्हणतेय, कायमचं नव्हे. उठलात तर गोड दुधाची बर्फ-कॉफी ठेवते, डॉक्टरने बंद केलेली." झुल्यातला ट्रकवाला उठून बसला होता आणि त्यानेही हाताची घडी घातली होती.

तिसऱ्या फेकीला एक पांढरं, एक काळं. कबूल.

आजींनी कोणाला हात लावू दिला नाही. फोन स्वतः उतरवला, बटण दाबून धरलं आणि हळूच म्हणाल्या, "जरा उठा हं. नात बसतेय." पडदा काळा झाला. मी लिऊकडे धावलो. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह भरलेलं होतं! घड्याळात दोनला आठ कमी. मी आनंदाने ट्रकवाल्याला मिठी मारली, त्यामुळे तोही ओला झाला.

मुलाखत चाळीस मिनिटं चालली. त्यातली पस्तीस मी शेजारच्या घरी होतो, कारण दोनला पाच मिनिटं झाली आणि तिथल्या गृहस्थांनी कराओकेवर विरहाचं गाणं लावून माईक हातात घेतला. विनंती करायला वेळ नव्हता. मी माईक काढून घेतला आणि 'आता माझी पाळी' म्हणून उभा राहिलो. त्यांना पाहुण्याचा मान राखावा लागला. मी पस्तीस मिनिटं माईक छातीशी धरून एक अक्षरही गायलो नाही. ते म्हणाले, "गा की!" मी म्हणालो, "भरून आलंय, काका." खोटं नव्हतं.

बुधवारी उत्तर आलं. लिऊची निवड झाली. एक तारखेला तिला रुजू व्हायचं आहे. कालव्यावरच्या प्रत्येक होडीला आजींनी फुकट कॉफी पाजली, मलाही तीन. आणि मंगळवारी मुलाखत संपल्यावर आजोबांचा फोन परत लावला तेव्हा तो लगेच वाजला. आम्ही दचकलो. संदेश आजींचाच होता, अडीच वाजता फोन बंद असतानाच पाठवलेला: 'पोरीचं चांगलं चाललंय. कॉफी ठेवलीय. या आता.'

तर असं सगळं आनंदात आहे. गुडघ्याला जपा. मामींच्या हातच्या भोपळ्याच्या सुपाची फार आठवण येते. लहानांना गोड पापे, तुमच्या मारक्या बोकडाला दुरून नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (आता हसू नका),
तोआन

ता.क. वरचं पत्र आईला वाचून दाखवलंत तरी चालेल, हा ता.क. नको. काल लिऊने मला सांगितलं की आजींनी दुसऱ्यांदा नाणी टाकली तेव्हाच तिने कोपऱ्यात बसल्या बसल्या लॅपटॉपला अठ्ठ्याहत्तर आकडा देऊन टाकला होता. आजोबा उठायच्या आधीच ती जोडली गेलेली होती. म्हणजे सगळ्यांत बुडीत आकड्यावर बसून ती निवडून आली. मी विचारलं, मग आजींना थांबवलं का नाहीस? तर म्हणाली, "दीड वर्षात आजी पहिल्यांदा आजोबांशी भांडत होती. मी कशाला मध्ये बोलू?" मामा, अशा मुलीचं माणसाने काय करावं?

आणखी ता.क. तुमच्या माळ्यावर एक खाट रिकामी असते असं मामी मागे म्हणाल्या होत्या. दालातच्या संगणक कॉलेजात माझी दोन सत्रं धरतात आणि तिसऱ्यापासून बसू देतात. मी चौकशी केली, माणूस नम्र होता, मीही होतो. सकाळी स्ट्रॉबेरी तोडीन, दुपारी कॉलेजात जाईन. तुम्ही एक तारखेच्या आत हो म्हणालात तर बरं. तुमच्या स्ट्रॉबेरी मुळात आंबट नसतातच, मी कच्ची खाल्ली होती.

शेवटचा ता.क. लिऊने 'तूही चल' असं म्हटलेलं नाही, तेव्हा गैरसमज नको. काल कॉफीचे पेले धुताना तिने एवढंच विचारलं की, तुला थंडी सोसते का? मी म्हणालो, थंडी म्हणजे काय हे मला माहीतही नाही. तरी मामा, पांघरूण जाड असू द्या. शक्य तर दोन.