‘पी’चं बटण

१ नोव्हेंबर १९९८, रविवार
वैजू नापास. फ्लाइंग क्लबातल्या कॅप्टननी तसं लिहून दिलं नाही, पण तेच. उतरताना विमान फार उंच राहिलं आणि ही बया दांड्यावरचा हात सोडून गप्प बसली. त्यांनी ताबा घेतला म्हणून निभावलं. मला फोनवर म्हणाले, "मॅडम, आपकी लडकी वहाँ बैठके क्या सोच रही थी?" डिसेंबरात अजून एकदा बघणार. तेव्हाही असंच झालं तर तिची शिष्यवृत्ती गेली, आणि आमच्याकडचं दुसरं पोरगं घेणार नाहीत.
गौलीगुड्यात मराठी मंडळाची मागची खोली, दोन कॉम्प्युटर, खेळण्यातले वाटावेत असे दोन दांडे, आणि पडद्यावर विमान चालवायला फुकट शिकवणारे आम्ही तिघं. तिथून खऱ्या विमानात पोचलेली ही पहिली पोर. जेवण गेलं नाही.

४ नोव्हें., बुधवार
कॉलेजातून थेट मंडळात. अध्यक्ष अण्णा वाटच बघत होते. खोली जानेवारीपासून कॉम्प्युटर क्लासवाल्याला द्यायची म्हणे. "कुंदाताई, आता पोरांना अमेरिकेला जायचंय. तुमच्या पडद्यावरच्या विमानात बसून कोण कुठं पोचायलंय?" हे गृहस्थ वर्षात एकदाही खोलीत डोकावले नाहीत. नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या!
मी म्हटलं, डिसेंबरात वैजू नीट उतरली तर खोली आमची. नाहीतर किल्ली आणून देते. अण्णा लगेच "ठरलं" म्हणाले. बसमध्ये बसल्यावर कळलं काय बोलून बसले ते.

८ नोव्हें., रविवार
सापडलं!
वैजूला कॉम्प्युटरवर बसवलं आणि मागं उभी राहिले. पडद्यावर धावपट्टी आली, विमान उंच. हिनं डाव्या हातानं ‘पी’ दाबलं. विमान हवेत जागच्या जागी थबकलं. बाईसाहेबांनी सावकाश आकडे बघितले, विचार केला, पुन्हा ‘पी’ दाबलं आणि झक्क उतरल्या.
"हे कधीपासून?"
"सगळेच करतेत मॅडम."
खरंय. फडके करतात (पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले, सगळं बसवलंय त्यांनीच). आमच्यातले तिसरे, भास्करराव, करतात. चहा आला की मीसुद्धा. म्हणजे त्या दिवशी खऱ्या विमानात पोरीचा हात ‘पी’ शोधत होता! डोक्यात तिडीक गेली. फडके म्हणतात, "ताई, ती एक सोय आहे." सोय गेली चुलीत. स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही कीबोर्डांवरचं ‘पी’ उपटलं. भास्करराव: "हल्लू ताई, हल्लू. बाकीचे तरी राहू द्या."

१५ नोव्हें., रविवार
‘पी’ नाही, तर पडद्यावर सगळे आपटले. मी दोनदा.
मग नियम केला. उंच आलात, वाकडं आलात, तर ओढूनताणून उतरायचं नाही. इंजिन पूर्ण, नाक वर, फेरी मारून पुन्हा यायचं. पुस्तकात होतंच की हे. पण हाताशी ‘पी’ असताना वर कोण जातंय? आता जो वर जाईल त्याला भास्कररावांकडून उस्मानिया बिस्कीट. भास्कररावांना विचारलं नव्हतं. "हौ, चालतंय" म्हणाले.
पोरांची तोंडं उतरली. जाताना फडके: "ताई, अशानं कुणी येणार नाही. शिवाय मलाही ऑफिसात..." जाऊ देत. राहील त्याला घेऊन शिकवीन.

२२ नोव्हें., रविवार
फडके नाहीत. पोरं तीनच. वैजू अजून रेटूनच उतरते. ओरडले तर रडायला लागली.
"वर गेलं की हरल्यासारखं होतंय मॅडम. बाजूला कॅप्टन, खाली सगळे बघायलेत."
भास्कररावांना युक्ती सुचली. ते मलकपेठेत रेसकोर्सच्या मागं राहतात, तिथल्या मोकळ्या मैदानात सगळ्यांना घेऊन गेले. एक वीट ठेवली. हात पसरून विटेकडं चालत यायचं, मी "उंच!" ओरडले की न थांबता सरळ पुढं, मोठी फेरी मारून परत. लाजतायत म्हणून आधी मीच. पन्नाशीची बाई, पदर खोचलेला, दोन्ही पंख बाहेर. एक रिक्षावाला थांबला. "अम्मा, ये कौनसी बीमारी का इलाज है?"
वैजू पोट धरून हसली. मग उठून चालायला लागली. रोज सकाळी हेच करायचं ठरलं.

६ डिसें., रविवार
फडके आले. माझ्या हातावर एक ‘पी’ ठेवलं. घरच्या कीबोर्डचं. "तिथं सवय सुटेना, म्हणून काढलं. आता प्रोग्रॅम लिहिताना पंचाईत होते." मेला पुणेकर! माझे डोळे भरून आले म्हणून उगाच त्यांच्यावरच खेकसले, वेळेवर येत जा म्हणून.

१२ डिसें., शनिवार
वैजू आज कुणी न सांगता वर गेली. बिस्कीट मागून घेतलं.
तेवढ्यात क्लासवाला टेप घेऊन खोली मोजायला हजर. टेपचं दुसरं टोक धरायला आमचे भास्करराव पुढं! तो गेल्यावर झापलं त्यांना. वाकडा तरी धरायचा होता.

१४ डिसें., सोमवार
आज वैजूची परीक्षा, म्हणून रजा टाकली. विमानतळाच्या भिंतीबाहेर, रस्त्यावर उभ्यानं लिहितेय. फडके, भास्करराव, मी. आणि अण्णा! "बँकेत काम होतं, इकडून चाललो होतो." बँक उलट्या दिशेला आहे.
आलं. उंच आहे. भास्कररावांनी माझं मनगट धरलं. फार उंच आहे गं बाई. रेटू नकोस. वैजू, रेटू नकोस.
इंजिन गरजलं. डोक्यावरून वर गेलं.
अण्णा: "झालं! उतरताच येईना पोरीला. आणा किल्ली."
"अण्णा, गप बसा. असंच जायचं असतं."
फडके हळूच म्हणाले, "ताई, कॅप्टननीही नेलं असेल वर." असेल. इथून कसं कळणार? माझं मन म्हणतंय तिनंच नेलं. पण माझ्या मनाला कोण विचारतंय.
डावीकडं वळलं. आता परत तोंड करील. आम्ही तिघं माना वर करून, आणि अण्णा विचारायलेत, "आता काय करायलीय ती?" भास्करराव त्यांना हात पसरून दाखवायलेत, भर रस्त्यात. अण्णांनी किल्लीचं नाव काढलेलं नाही पुन्हा.
येतंय. ह्या खेपेला उंच नाही, बरोबर आहे. वही मिटते, आता नुसतं बघायचंय.