आमच्या आधीची बाई

प्रिय अक्का,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, पोरगी ठणठणीत आहे. फोन यांच्या खिशात असतो आणि इथल्या भिंती पत्र्याच्या. पलीकडे कुणी शिंकलं तरी आपण दचकतो.

मागच्या पत्रात खोलीचं केवढं कौतुक केलं होतं मी! स्वतंत्र दार, मागे नळ, भोपळ्याचा आयता वेल. खोटं काहीच नव्हतं. एकच सांगितलं नाही, तू हसशील म्हणून. अंधारात परसात जायला तुझा हात धरणारी मी. इथे पहिल्या दिवसापासून मला वाटायचं, खोलीत आधीच कुणीतरी राहतंय. दाराच्या कडीला लाल चिंधी गुंडाळलेली, वाजू नये म्हणून; म्हणजे घरात तान्हं असणार. खिळे सगळे खाली ठोकलेले. म्हणजे बाई बुटकी. वेलाला पाणी घालताना तर पाठीमागे उभं राहून कुणी बघतंय असं वाटायचं, नीट घालतेय की नाही ते. यांना सांगितलं, तर म्हणाले, भुताला काही कामधंदा नाही का, या पत्र्यात उकडून घ्यायला येईल ते?

कामाचं म्हणशील तर अंगवळणी पडलंय. टोमॅटोने रंग धरला की तोडायचा, देठ काढायचा, क्रेटमध्ये हलक्या हाताने ठेवायचा. बोटांवर हिरवट काळा थर चढतो, किती घासलं तरी निघत नाही. आपल्याकडेही हेच करत होतो की! पण त्या वर्षी माल कुणी उचललाच नाही आणि यांनी सगळा बांधावर ओतला. त्यानंतर हे घरात बोलेनासे झाले होते, तुला माहीतच आहे. इथे दुसऱ्याचे क्रेट वाहतात, पण अधूनमधून शीळ घालतात गं. मला तेवढं पुरतं.

मग एक दिवस ती खरंच दिसली. कुंपणाबाहेर, कडेवर पोर, वेलाकडे बघत उभी. माझ्या हातातली बादली सुटली. पॅकिंगच्या शेडमधल्या म्हाताऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, अगं भूत कसलं, तुमच्या आधी याच खोलीत होती ती. नवरा चांगला कामाचा, पण मालकाला त्याच्याहून स्वस्त माणूस मिळाला. बाजारामागे ताडपत्री टाकून राहतात आता. तो स्वस्त माणूस कोण, हे मावशींनी सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं? हे फोनवर मुकादमाला म्हणाले होते, आत्ता जो आहे त्याला देता त्याहून कमी द्या, पण बोलवा. मी शेजारीच बसले होते आणि होकार आला तेव्हा आनंदाने रडले होते.

पुन्हा आली तेव्हा मी भोपळा तोडून कुंपणावरून पुढे केला. तिने घेतला नाही. शिव्या देईल म्हणून मी जीव मुठीत धरून उभी, आणि ती म्हणाली काय, तर मागच्या भिंतीला ओल येते, पोरीला तिकडे निजवू नकोस. एवढं बोलून गेली. मी पोरीचं अंथरूण हलवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल मुकादम शेडमध्ये हसत हसत मला म्हणाला, तुमच्याच भागातला एक माणूस सारखा फोन करतोय. तुझ्या नवऱ्याहून कमीत यायला तयार आहे. कडबाकुट्टीच्या यंत्रात दोन बोटं गेलीत, पण काम दोघांचं करतो म्हणे. खोली मात्र तीच हवी, मागे नळ असलेली. अक्का, नळाचं मी फक्त तुला लिहिलं होतं. मुकादमाचा नंबरही मीच दिला होता, दाजींना कुठे काम मिळालं तर बरं म्हणून. तुमच्याकडेही काही उरलं नाही, हे मला कळतं. म्हणून येऊ नका असं लिहायला हात धजत नाही. या, एका खोलीत दाटीवाटीने राहू, पण यांना देतात त्याहून एक पैसाही कमी घेणार नाही, असं मुकादमाला फोन करून सांगायला दाजींना लाव. मुकादम महिनाअखेरीस यांच्याशी बोलणार आहे. यांना अजून काहीच माहीत नाही. त्यांना कळायच्या आत उत्तर पाठव, आणि एवढंच खरं सांग: दाजी फोनवर बोलत होते, तेव्हा तू शेजारी बसली होतीस का?

तुझीच,
धाकटी