मेसेज त्याच्या फोनवर गेला

शुक्रवार, संध्याकाळ. खारघर.

दुपारी नेटवाला आला, राऊटर भिंतीला लावला आणि म्हणाला, "मॅडम, ओटीपी सांगा." माझ्या फोनवर काहीच आलं नव्हतं. त्याने कनेक्शनला नोंदवलेला नंबर दाखवला. महेशचा.

ज्या नवऱ्याला न सांगता मी सईला घेऊन कामोठ्याचं घर सोडलं, त्याच्याच नावाचं कनेक्शन मी इथे शिफ्ट करायला सांगितलं. सईचा ऑनलाइन क्लास बुडू नये, एवढंच डोक्यात होतं. असं कसं केलं मी?

"मेसेजमध्ये पत्ता असतो का हो?"

"असतो ना. विंग, फ्लॅट, सगळं." माझा चेहरा बघून तो थांबला. "ताई, हे रद्द करतो. तुमच्या नावावर नवीन घ्या."

पण ओटीपीचा तो मेसेज सकाळीच गेला होता, नेटवाल्यानेच सांगितलं. आणि महेश प्रत्येक मेसेज वाचतो. माझेही वाचायचा.

खाली जाऊन वॉचमनला त्याचा फोटो दाखवला, वर सोडू नका म्हटलं. शेजारच्या काकूंची चार दिवसांची ओळख, लाज वाटली, तरी सगळं सांगितलं. "पोरीला घेऊन आमच्याकडेच बस," त्या म्हणाल्या.

साडेसहाला काकूंकडचा इंटरकॉम वाजला. "मॅडम, ते फोटोतले साहेब आलेत. नवरा आहे म्हणतात."

"सोडू नका." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. परत म्हटलं, "सोडू नका."

काकूंनी पोलिसांना फोन लावला. गाडी यायच्या आत तो निघून गेला. जाताना वॉचमनला हसून म्हणाला म्हणे, "असू दे. घर तर कळलं."